मेन ऑफ होता

रविवार, ५ ऑक्टोबर

...मग मागच्या मोरीत बसून समई घासली. लिंबाच्या सालीने सगळे डाग काही निघाले नाहीत. त्याआधी माठ विसळून भरला होता, शटरपुढे पाणी मारलं होतं. समई पुसून देवापाशी ठेवली आणि पूजेचं काढायला घेतलं. खंडेनवमीला मी गाळ्यावर जात नाही. मशिनींची पूजा सवाष्णी करतात, हळदीकुंकू असतं, आपण मध्ये कशाला. नंतरचं आवरायचं काम मात्र माझंच असतं. दसरा आणि शुक्रवारचा ऑफ असे दोन दिवस गाळा बंद होता, सगळं सुकून करकरीत झालेलं. चौदा मशिनी. प्रत्येकीला झेंडूची माळ, आंब्याची डहाळी आणि लाल कापडाची पट्टी. या टोकापासून सुरुवात केली ती त्या टोकाला जाऊन थांबले. मशिनींवरचं, भिंतीवरचं, बोर्डांवरचं, हाताला आलं ते ओढत पोत्यात भरलं. पोत्याला सुतळी बांधली. चहाचं आधण ठेवलं.

काल सकाळी मी एवढंच केलं. नऊ वर्षं हेच करते आहे: झाडायचं, माठ भरायचा आणि मग दिवसभर शिवून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापत बसायचं. तरी कालपासून तीच सकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. पुढचं आठवायला गेले की मन परत माठापाशी येऊन उभं राहतं.

पुढचं लिहूनच टाकते. साडेनऊला अभिजीत आला. तो आमचा सुपरवायझर. तोवर दोघीतिघी आल्या होत्या. रोजच्यासारखा तो ओरडला, "चला, लाइन चालू!" आणि तिन्ही रांगांचे मेन स्विच एकामागून एक ऑन करत गेला. दुसऱ्या रांगेला किंकाळी आली. टेबलाखालून. तेजल तिथे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी मोरीत असताना आली असणार. फीडऑफ मशिनीच्या पुलीत धागा गुंडाळून घट्ट बसला होता, तो कापायला ती खाली शिरली होती, गुडघा पायडलवर टेकलेला. मोटर फिरली आणि बेल्टने उजव्या हाताची दोन बोटं आत ओढली. सगळे "ऑफ कर, ऑफ कर" ओरडत होते. मीही ओरडले.

तर्जनी अर्धी गेली, मधलं बोट एका पेराने. बावीस वर्षांची पोर.

आमच्या गाळ्यात एक नियम आहे. मशिनीत हात घालायचा तर आधी रांगेचा मेन ऑफ आहे ना ते बघायचं आणि त्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत मेनला कुणी शिवायचं नाही, शेठनेसुद्धा नाही. जिनं बांधली तिनंच सोडायची. हा नियम शेठने केलेला नाही, श्यामकांतांनी केला. ते वायरमन होते, या गाळ्याचं सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. माझं एक लाल सुती लुगडं विरलं होतं, त्याच्या तीन चिंध्या फाडून त्यांनी तीन बोर्डांशेजारी खिळ्यांना अडकवल्या. (त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. ते गेल्यापासून वहीत घेते. दोन वर्षं झाली.)

काल मेनवर चिंधी नव्हती. अभिजीत तसं म्हणतो आणि मीही नंतर पाहिलं, नव्हती. सुट्टीनंतर सकाळी सगळेच मेन ऑफ असतात. सुट्टीचा ऑफ आणि आत कुणाचा हात असल्याचा ऑफ, दोन्ही दिसायला एकच. फरक फक्त त्या चिंधीचा.

मग पोरीने ती का बांधली नाही? मला रडू येत नाही, रागच येतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

गाळा आज सुरू केला. दिवाळीची ऑर्डर आहे. फीडऑफ पुसून घेतली, मीच पुसली. पायाच्या आतल्या बाजूची दुहेरी शिवण याच मशिनीवर होते, ती थांबली की सगळं थांबतं. तिथे माधवीला बसवलं.

"मावशी, मी नाय बसत. माझा मूड ऑफ होतो त्या मशिनीवर."

एरवी अभिजीत म्हणाला असता, तुझा मूड ऑन कधी होता ते सांग. आज तो म्हणाला, "बस ना यार, प्लीज."

चारला शेठने बोलावलं. जयदेवशेठ सिंधी, प्रत्येकाला साईं म्हणणारा, वाईट माणूस नाही. श्यामकांत आजारी होते तेव्हा दोन वेळा स्वतः गाडी घेऊन आला होता.

"बसा गोदूबाई. पुढच्या मंगळवारी कामगार खात्याचा माणूस येणार. कागद बनवलाय. तुमची सही पहिली पायजे. श्यामभाऊंची मिसेस तुम्ही. तुम्ही केली की बाकीचे डोळे झाकून करतील."

मी डोळे उघडे ठेवून वाचला. सदर कामगार कु. तेजल हिने मेन स्विचवर खुणेची चिंधी न बांधता स्वतःच्या निष्काळजीपणाने मशीनमध्ये हात घातला, हे आम्ही समक्ष पाहिले आहे.

"मी समक्ष नाही पाहिलं. मी चहाचं आधण बघत होते."

"साईं, असं लिहावं लागतं. चूक माझ्यावर आली तर गाळ्याला सील. चौदा घरं बंद होतील. दवाखाना मी पूरा देतोय ना?"

"आणि तिचं काम?"

"दोन बोटं नाय, मशीन कशी चालवणार?"

"धागे कापता येतील. डाव्या हाताने कात्री धरायची सवय होते."

शेठ हळूच म्हणाला, "धागे तर तुम्ही कापता, गोदूबाई."

कागद घडी घालून आणला आहे. विचार करून सांगते म्हटलं. कागदात अशी चूक लिहिली गेली की तेजलला ना काम, ना भरपाई, वर आमच्या कॅम्प तीन भागातला दुसरा कुठलाही गाळा दार उघडणार नाही. बेपर्वा मुलगी कुणाला हवी असते? पण तिने चिंधी बांधली नसेल, तर त्यात खोटं तरी काय आहे?

येताना शेअर रिक्षातून बघत होते, प्रत्येक दुकानावर दिवाळीच्या पाट्या. अमुक टक्के ऑफ, तमुक टक्के ऑफ. घरी आल्यावर श्यामकांतांचा कोश काढला. रद्दीवाल्याकडून आणलेला, पाठ नसलेला इंग्रजी-मराठी कोश. माझी चौथी झालेली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवरून आणि वाचनालयातून आपलं आपण केलं. इंग्रजी मात्र त्यांनी शिकवलं आणि सुरुवात बोर्डापासून केली. माझा पहिला इंग्रजी शब्द ऑफ. ते म्हणायचे, ऑन वाचता आलं नाही तरी चालेल, ऑफ वाचता आला पाहिजे.

एवढ्याशा शब्दाला कोशात दीड रकाना दिला आहे. बंद. दूर. सुटा. रद्द. सुट्टीवर. किंमत कमी. वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गोळा झाला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कोशात एक अर्थ नाही. त्या दिवशी वॉर्डबॉय दुसऱ्या वॉर्डबॉयला म्हणाला होता, "सात नंबर ऑफ झाला." मी श्यामकांतांच्या, सात नंबरच्या खाटेपाशीच उभी होते. माझ्याशी कुणी काही बोललं नव्हतं अजून. मी वर पंख्याकडे पाहिलं होतं, तो तर फिरत होता.

आज सही केली नाही. शेठनेही विचारलं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पोतं अजून दारामागेच आहे. शनिवारी त्या सगळ्या गडबडीत ते रिक्षात टाकून घरी आणलं आणि विसरले. झेंडू आतून ओला राहिला असणार, खोलीभर वास सुटला आहे. कोशात बघितलं तर खाण्याची वस्तू ऑफ म्हणजे नासलेली. असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

सकाळी कामावर जायच्या आधी पोतं घेऊन शिवमंदिरापाशी गेले. निर्माल्याच्या कुंडापाशी एक माणूस बसतो. त्याने सुतळी सोडून आत हात घातला आणि परत बांधली.

"आजी, कपडा वेगळा काढा. नुस्ती फुलं टाकायची यात."

"अरे, देवाचाच कपडा आहे तो."

"देवाचा असू द्या नायतर शंकराच्या सासऱ्याचा. कपडा सडत नाय, खत होत नाय. घरी निवडून आणा."

निवडायला वेळ कुणाला आहे? पोतं परत दारामागे.

ऑफ जोडून येणारे शब्द कोशात पुढे दिले आहेत. टेक ऑफ म्हणजे विमानाचं उडणं एवढंच मला ठाऊक होतं. तो अर्थ शेवटी दिला आहे. पहिला अर्थ साधा आहे, काढणे. अंगावरचं, वर घातलेलं काढणे. श्यामकांतांनी पेन्सिलीने काही अर्थांना खुणा केल्या आहेत, याला केलेली नाही. त्यांना तो लागला नसेल कधी.

संध्याकाळी शेठ निघता निघता म्हणाला, "मंगळवार लांब नाय, गोदूबाई. तुमचं काम पक्कं आहे, जमेल तोपर्यंत बसून कापा. मी शब्द देतो." मी मान हलवली. सत्तावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण ठेवणार?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज आमचा ऑफ. बदलापूरला जाऊन चामटोलीची रिक्षा पकडली. तेजलचं घर शेताच्या कडेला आहे, पुढे पेंढ्याची रास. तिची आई बनूबाई दारातच होती. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, पण तोंड वर केलं नाही.

"सही घ्यायला धारलाय का गो बाय तुला शेठनं?"

"नाही. पोरीला बघायला आले."

"बघ मंग. खाटल्यावर हाय."

तेजल भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताचा मोठा पांढरा गोळा छातीवर. मी बसले, ती उठली. मी हळद, लाडू असं काहीबाही पुढे ठेवलं. मग जे विचारायला आले होते तेच विचारलं.

"खरं सांग तेजल, चिंधी बांधली होतीस?"

"बांधली होती, मावशी."

"मग ती गेली कुठे?"

"मला काय माहीत! मी खिळ्यावरून घेतली, मेनच्या दांड्याला दोन वेढे मारले, मागून गाठ मारली. श्यामकाकांनी शिकवलेली तश्शी. ओढून बघितली पण. मग खाली गेले." तिने डाव्या हाताने गोळा सावरला. "कानात गाणी होती माझ्या. ती माझी चूक. अभीदादा ओरडला ते ऐकू नाही आलं. पण चिंधी मी बांधली होती. कुणीच मानत नाहीये. दवाखान्यात शेठ, इथे मामा, सगळे म्हणतात, विसरली असशील. मावशी, दोन दिवसांनी मलाच वाटायला लागलं की विसरले असेन."

बनूबाई दारातून म्हणाली, "व्हतं तं व्हतं बोल. कशाला फिरवतंस?"

"फिरवत नाय गो आये!" आणि मग रडायला लागली. डावा हात तोंडावर घेऊन.

मला परत येताना एकच गोष्ट टोचत होती. आधीच लक्षात यायला हवी होती. त्या दिवशी दुसऱ्या बोर्डाजवळचा खिळाही रिकामा होता. ती चिंधी बांधायला विसरली असती, तर चिंधी खिळ्यावर असती. मेनवर नाही आणि खिळ्यावरही नाही, म्हणजे कुणीतरी काढली. मेनला त्या सकाळी हात लावणारा एकच.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज बोलले. सगळ्यांच्या देखत, जेवणाच्या सुट्टीत. मनात ठेवून मला जमत नाही.

"अभिजीत, चिंधी तू काढलीस."

तो वडापाव खात होता. "काय?"

"घाईत काढलीस, ऑन केलंस आणि नंतर कुठेतरी फेकून दिलीस. पोरगी खोटं बोलत नाही. खिळा रिकामा होता. तुझ्याशिवाय मेनपाशी कोण गेलं?"

"आईशप्पथ मावशी, चिंधी नव्हती! दिसली असती तर मी... मी काय येडा आहे का? काकांनी मलाच पहिला शिकवलंय ते. मला झोप नाहीये सात दिवस, आणि तुम्ही..." पंचवीस वर्षांचा बाप्या, कापडाच्या थप्पीवर बसून रडला. माधवी पाण्याचा ग्लास घेऊन गेली तर तो न घेता बाहेर निघून गेला, तो दिवसभर आला नाही.

दोघांतलं एक खोटं बोलतंय. तेजल बोलत नाही. मला तिचा चेहरा दिसला आहे. अभिजीतचा चेहराही तसाच दिसला, पण रडू तर कुणालाही येतं.

बरं वाटायला हवं होतं, वाटत नाही. श्यामकांत असते तर एव्हाना छडा लागला असता. ते कुठेही फॉल्ट शोधायला गेले की आधी स्वतः केलेलं काम तपासायचे, मग दुसऱ्याचं. लोक हसायचे.

रविवार, १२ ऑक्टोबर

अभिजीत आज आला नाही. फोन स्विच ऑफ. शेठने दहा वेळा लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगा काही करून बसला तर, गोदूबाई?" मी सुई टोचल्यासारखी उठले आणि उगाच झाडायला लागले.

झाडता झाडता माधवीशी बोलले. सहजच. म्हटलं, पुढच्या वर्षी बोर्डांवर लाल पट्ट्या बांधू नका पूजेला, चिंधी कुठली आणि पट्टी कुठली कळत नाही.

माधवी म्हणाली, "बोर्डांना आता कुठे बांधतो आम्ही? वायरी गरम होतात म्हणून शेठ नको म्हणतात. बोर्डाला नुस्तं कुंकू लावतो. दोन वर्षांत एकदाही नाय बांधली, मावशी. तुम्ही नसता ना तेव्हा, तुम्हाला काय माहीत."

आज आणखी लिहीत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सकाळी वही पहिल्यापासून वाचली. पाच तारखेचं पान. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे. मशिनींवरचं, भिंतीवरचं, बोर्डांवरचं, हाताला आलं ते ओढत पोत्यात भरलं. आठ दिवस ते या वहीत पडून आहे आणि मी त्यावर रोज दुसऱ्याचं लिहीत आले.

पोतं दारात ओतलं. कुजलेल्या झेंडूचा काळा लगदा, त्यात चिकटलेल्या लाल पट्ट्या. एकेक काढून मोजल्या. चौदा झाल्या, नव्या कापडाच्या, सोनेरी टिकल्यांच्या. पंधरावी तळाशी होती. विटकी, मऊ. काठाला पिवळी रेघ. माझं लुगडं.

गाठ तशीच होती. दोन वेढे आणि मागून गाठ. मी ती सोडलेली नव्हती, भिंतीवरच्या माळेबरोबर दांड्यावरून ओढून काढली होती. वेढेही तसेच गोल राहिले आहेत, त्यातून माझी बोटं जातील एवढे. तेजल तेव्हा टेबलाखाली होती, माझ्यापासून दोन हातांवर, कानात गाणी. मी तिच्या मेनपाशी उभी राहून तिची चिंधी काढली आणि चहा करायला गेले.

कामावर गेले नाही. बरं नाही म्हणून कळवलं.

जे मनात आलं ते लिहिते, वहीपासून लपवून काय करायचं? पहिलं मनात आलं ते हे की कुणालाही माहीत नाही. चिंधी गॅसवर धरली तर राख व्हायला चहाएवढाही वेळ लागणार नाही. शेठच्या कागदात माझं नाव कुठे नाही. सही केली की काम पक्कं, शब्द दिला आहे त्याने. दुसरं आलं ते, मी मुद्दाम केलं नाही. खंडेनवमीला मला कुणी बोलावलं असतं तर बोर्डाला पट्टी नसते हे मला दिसलं असतं. हे खरं आहे. पण मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. मीच गेले नाही, दोन्ही वर्षं. पहिल्या वर्षी रडू येईल म्हणून आणि दुसऱ्या वर्षी तशी पद्धत म्हणून. आणि बोलावलं नाही म्हणून पोरीची बोटं परत येतात का?

तिसरं, आणि हे सगळ्यात वाईट. त्यांच्या नावाला बट्टा लागेल. सहा वर्षं त्यांच्या चिंधीने एकालाही खरचटलं नव्हतं. ती काढणारी त्यांची बायको निघाली. मी कोशापुढे बसले आणि ऑफचा दीड रकाना परत वाचला, जणू कुठेतरी त्यांनी माझ्यासाठी काही खूण करून ठेवली असेल. नाही. पेन्सिलीच्या खुणा बंद, सुटा, तुटलेला अशा धंद्याच्या अर्थांना आहेत. माझ्यासाठी तिथे काही लिहिलेलं नाही. ते मला फक्त वाचायला शिकवून गेले.

अभिजीतचा फोन अजून बंद आहे. उद्या अकराला खात्याचा माणूस येणार.

चिंधी धुतली. गाठ न सोडता धुतली, दोरीवर वाळत घातली. मग शेठच्या कागदाच्या मागच्या बाजूला माझं लिहायला बसले. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन वेळा त्यात "नकळत" हा शब्द होता. चौथ्या वेळी काढला. ते खात्याच्या माणसाने विचारलं तर सांगेन.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी आठला कॅम्प चारला अभिजीतच्या घरी गेले. तो घरातच होता, दाढी वाढलेली. मी चिंधी त्याच्यापुढे धरली आणि म्हटलं, "ही मी काढली होती. तू नाही. सगळ्यांपुढे बोलले होते, सगळ्यांपुढे मागे घेते. चल." त्याच्या आईने मला बस म्हटलं नाही. तो चप्पल घालून माझ्याबरोबर निघाला.

गाळ्यावर मशिनी चालू होत्या. मी दुसऱ्या रांगेचा मेन ऑफ केला आणि चिंधी होती तशी, तेजलच्या गाठीसकट, दांड्यात अडकवली. माधवी ओरडली, "ए, लाइट कुणी घालवली?" आणि वळून बघितल्यावर तिने पायडलवरून पाय काढला. शेठ बाहेर आला. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. अभिजीतला हात जोडले. तो म्हणाला, "राहू द्या मावशी." शेठ म्हणाला, "हे इथंच राहू दे, गोदूबाई. साहेबासमोर नको. माझी पण वाट लागेल आणि तुमची पण." मी म्हटलं, लागू दे.

अकराला खात्याचा माणूस आला. त्याला माझा कागद दिला. त्याने मला तो वाचून दाखवायला लावला. मी वाचला. मेन ऑफ होता. तेजलने चिंधी बांधली होती. ती मी काढली. अभिजीतला ती दिसणं शक्य नव्हतं. खाली सही केली. त्याने मेनवरच्या गाठीचे फोटो काढले, मला आणखी बरंच विचारलं, ते सगळं लिहून घेतलं आणि पुन्हा बोलावीन म्हणाला.

तो गेल्यावर शेठ म्हणाला, "झालं ना समाधान? आता काढा ती चिंधी. रांग बंद आहे, ऑर्डर उभी आहे."

मी म्हटलं, "गाठ माझी नाही."

शेठ मेनपर्यंत गेला. हात वर केला आणि खाली घेतला.

मी माझी कात्री स्टुलावर ठेवली, अभिजीतला सांगितलं की मी येईपर्यंत कुणाला मेनला हात लावू देऊ नकोस, आणि तेजलला आणायला चामटोलीला गेले.